धवलारणीची गाडी

मित्रांनो, मी एक मोटारगाडी आहे. जुनी म्हणवून घ्यावं इतकं माझं वय झालेलं नाही, पण अगदी कोरीही मी राहिलेली नाही. डाव्या दारावर एका टेम्पोने ओढलेली रेघ आहे आणि मागच्या सीटवर हळदीचा एक डाग आहे, तो काही केल्या जात नाही. मी विजेवर चालते. मला पेट्रोल लागत नाही, डिझेल लागत नाही आणि चालताना मी आवाजही करत नाही. सगळं घर सामानासकट बसेल एवढी मी ऐसपैस आहे. कंपनीचं नाव मात्र विचारू नका. आपल्याच तोंडाने आपली जाहिरात करणं मला आवडत नाही.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. यंत्रांच्या हातांनी मला जोडलं आणि माणसांच्या हातांनी पुसून काढलं. मग मी पनवेलच्या शोरूममध्ये येऊन उभी राहिले. तिथे रोज माणसं यायची, माझी दारं उघडून धाडकन लावायची आणि एकच प्रश्न विचारायची, "रेंज किती देते?" एकदा चार्ज केल्यावर गाडी किती लांब जाते, त्याला रेंज म्हणतात. मुलगी बघायला यावं आणि तिला फक्त स्वयंपाक येतो का एवढंच विचारावं, तसं मला व्हायचं. आणखीही गुण होते हो माझ्यात!

सुभाषनेही तेच विचारलं, पण त्याच्यामागे वेगळं कारण होतं. सुभाष उलव्याच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. नवीन पनवेलच्या इमारतींना लागून जे जुनं गावठाण आहे, तिथे त्याचं घर. त्याची आई, रंभाआजी, ही धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून देवाधर्माचे विधी धवलारीण सांगते आणि त्या वेळची गाणी, म्हणजे धवले, गाते. धवल्यातून देवांना मांडवात बोलावलं, की मगच नवरीच्या अंगाला हळद लागते. रंभाआजीने आसपासच्या गावांतल्या कितीतरी पोरींना अशी हळद लावली होती. पण अलीकडे तिला गाडी लागायला लागली होती. रिक्षाचा धूर, जीपचा डिझेलचा वास आणि इंजिनाची घरघर, या सगळ्याने तिच्या पोटात ढवळायचं. त्यात तिचा नेम असा, की पहिला धवला म्हणून होईपर्यंत पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. रिकाम्या पोटी ती मांडवात पोचायची ती पांढरीफटक होऊन. म्हणून सुभाषने बिनधुराची, बिनआवाजाची गाडी घ्यायची ठरवलं. महिनाभर त्याने मोबाईलवर माझ्या जातीच्या गाड्यांची परीक्षणं पाहिली आणि मग मला घरी आणलं.

त्या दिवशी माझा काय थाट! रंभाआजीने मला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सुभाषचे वडील, दाजी, यांनी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत बघतात तर सामान ठेवायची लहानशी जागा.

"आरं सुभाष, इंजिन कुठं हाय? फसवला तुला त्यांनी!" दाजी ओरडले.

"गप बसा तुमी," रंभाआजी म्हणाली. "नवी सून हाय ती. पयल्याच दिवशी नावं नका ठेवू."

तेव्हापासून माझा जीव त्या म्हातारीवर जडला.

मित्रांनो, इथे तुम्हाला माझी एक खोड सांगितली पाहिजे. चालवणाऱ्याने वेग द्यायच्या पट्टीवरून पाय उचलला, की मी आपोआप वेग कमी करते आणि त्यातून थोडी वीज परत माझ्या बॅटरीत भरते. हे कमी करायचं की जास्त, ते चालवणाऱ्याच्या हातात असतं. जास्तीत जास्त ठेवलं, तर वीज भरपूर वाचते, पण पाय उचलताच मागून कोणीतरी पदर ओढावा तशी मी थबकते. सुभाषने पहिल्याच दिवशी ते जास्तीत जास्तवर ठेवलं. गल्लीतले लोक, यार्डातले ड्रायव्हर, पाहुणे, सगळे त्याला रेंज विचारायचे आणि सुभाष छाती फुगवून आकडा सांगायचा. त्या आकड्यासाठी त्याने एसीसुद्धा जपून लावला असता! माझं कौतुक होत होतं, त्यामुळे मलाही ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच लग्नाला निघालो आणि कळंबोलीच्या सर्कलपर्यंतच रंभाआजीचा चेहरा उतरला. पुढे वाशीकडे जाणारी रहदारी. पाय दाब, पाय उचल. माझा धक्का, पुन्हा धक्का. लग्नाच्या गावी, ओव्याला, पोचेपर्यंत तिने दोनदा गाडी थांबवायला लावली. मांडवात ती कशीबशी गायली आणि परत येताना डोळे मिटून पडून राहिली.

मग घरात शोध सुरू झाला. दाजींनी माझ्या बॉनेटवर कोळंबीचे सोडे वाळत घातले होते, म्हणून आधी त्या वासावर आळ आला. मला आतून-बाहेरून धुतलं. मग नव्या सीटचा वास येतो म्हणून मोगऱ्याच्या वासाची डबी लावली, त्याने तर दाजींनाही मळमळलं. आजीला पुढच्या सीटवर बसवून पाहिलं, तरी तेच. शेवटी दाजींनी दृष्ट लागली म्हणून माझ्या नाकाला लिंबू-मिरची बांधली. सुभाषची बायको मनिषा गाडी चालवायला माझ्यावरच शिकली. ती एकदा म्हणाली, "अहो, ही फार हिसके देते. तुम्ही ते कमी करून बघा ना."

"तुला अजून सवय नाही," सुभाष म्हणाला. "मला कुठे काय होतं?"

त्याला काही होत नव्हतं, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. पाय उचलायच्या आधी त्याच्या अंगाला ते ठाऊक असायचं. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? माझ्याकडे नुसता हॉर्न. आणि रंभाआजी बिचारी माझ्याविरुद्ध एक शब्द बोलत नव्हती. ती म्हणायची, "गाडी चांगली हाय रं. माझाच पोट खराब झाला. म्हातारपन आला, दुसरा काय?"

अशातच मिठागरांपलीकडच्या गावातून बुधाजी आमंत्रणाची पान-सुपारी घेऊन आला. त्याच्या प्रमिलाचं लग्न ठरलं होतं. तो मला टेकूनच उभा राहिला, म्हणून सगळं ऐकू आलं.

"काकी, माझ्या लग्नात तुमीच धवले गायले. आता पोरीच्या हलदीला पन तुमीच पायजे."

"नको रं बुधाजी," रंभाआजी म्हणाली. "येऊन मांडवात आडवी पडले, तर लोकांनी नवरीकडं बगायचा का माझ्याकडं? आता मोबाईलवर लावा धवले. लोक लावतात."

"मोबाईल देवाला बोलावील काय, काकी?"

 रंभाआजीने सुपारीला हात लावून ती बुधाजीकडे परत सरकवली. त्या घरात धवलारणीने सुपारी परत केल्याचं आजवर कधी झालं नव्हतं. दाजी उठून परसात गेले. बुधाजी मात्र सुपारी तिथेच ठेवून निघून गेला.

त्यानंतर माझ्यावर कव्हर चढलं. रंभाआजी गुणगुणायची थांबली. पूर्वी भाकरी थापताना, तांदूळ निवडताना तिच्या तोंडात धवला असायचा. आता अंगणात नुसता मिक्सरचा आवाज यायचा. मला त्या कव्हराखाली फार वाईट वाटायचं. जिच्यासाठी मला आणलं, तिचंच गाणं माझ्यामुळे बंद पडलं होतं. सुभाष मनिषाला म्हणाला, "आईलाच चालत नाही तर ठेवून काय करायची? विकून टाकू."

मला बघायला खारघरहून शार्दूल नावाचा तरुण आला, सोबत त्याची बायको. कॉम्प्युटरवर काम करणारा, बोलायला गोड, पण पायाने भलताच धसमुसळा. त्याने स्टिअरिंग धरलं, बायको पुढे बसली आणि माझे गुण सांगायला सुभाष मागे बसला. मित्रांनो, मला घरी आणल्यापासून तो माझ्या मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता!

"रेंज किती देते हो?" शार्दूलने विचारलं.

सुभाषने आकडा सांगितला. मग बॅटरीची वॉरंटी सांगितली. मग चार्जिंगबद्दल सांगायला लागला आणि मधेच थांबला. त्याने काच खाली केली. शार्दूल पाय दाबत होता आणि सोडत होता, दाबत होता आणि सोडत होता. खारघरच्या रुंद रस्त्याला लागेपर्यंत सुभाषच्या कपाळावर घाम आला होता.

"थांबवा," तो म्हणाला. "जरा बाजूला घ्या."

तो उतरला तो थेट फुटपाथच्या कडेला उकिडवा बसून ओकला. यार्डात ट्रेलरवर उड्या मारणारा गडी डोकं धरून बसला! शार्दूल पाण्याची बाटली घेऊन आला.

"सर, ओके ना तुम्ही? गाडी तुमचीच आहे ना?"

"माझीच," सुभाष म्हणाला. मग बराच वेळ तो माझ्या मागच्या सीटकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. शार्दूलला वाटलं, उलटीमुळे असेल. सुभाष उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "सॉरी, दादा. गाडी विकायची नाही."

घरी आल्यावर त्याने माझी ती खोड पार शून्यावर आणली आणि सरळ आईपुढे जाऊन बसला.

"आई, पोट तुझा नाय खराब. माझा पाय खराब हाय. मी मागं बसून आलो आज."

रंभाआजीला विश्वास बसेना. ती पुन्हा माझ्यात बसायला तयार नव्हती. भीती काही बटण दाबून शून्यावर येत नाही. शेवटी सुभाष म्हणाला, "मनिषा चालवील. मी मागं तुझ्याजवल बसतो. मना मलमलला तर तिथून परत फिरू. तुझ्या पोटाचा नाय, माझ्या पोटाचा विचार कर."

म्हातारी हसली. बुधाजीने ठेवून दिलेली सुपारी तिने पदरात बांधली.

हळदीच्या दिवशी आम्ही निघालो. मनिषा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होती. उरणच्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर मागेपुढे होते. मागे रंभाआजीने एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने सुभाषचं मनगट धरलं होतं. डोळे घट्ट मिटलेले.  मी आयुष्यात एवढ्या काळजीने कधी चालले नव्हते. पाय उचलला तरी मी नुसती वाहत जायची, पाण्यावर होडी जावी तशी.

मिठागरं दिसायला लागली. रंभाआजीने एक डोळा उघडला, मग दुसरा. "गाव किती लांब हाय गो?"

"आलंच, आई," मनिषा म्हणाली.

आजीने कडी सोडली, घसा खाकरला आणि पहिला धवला हळूच जुळवून पाहायला लागली. माझ्यात इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पुढे मांडवात डीजे थांबवला आणि तिचा आवाज उठला, तो गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला. देव आले की नाही, ते मी कशी सांगणार? पण नाचणारी पोरंसुद्धा गप्प उभी होती आणि बुधाजी तोंडावर उपरणं धरून रडत होता.

परत येताना रंभाआजी बुंदीचा लाडू खात बसली होती. पुढून मनिषा आपल्याच नादात धवल्याची एक ओळ गुणगुणली. लग्न होऊन आल्यापासून तिने कधी गायलं नव्हतं.

"चुकलीस," रंभाआजी म्हणाली. "परत म्हन."

मनिषाने परत म्हटली. पुन्हा चुकली, पुन्हा म्हटली. पनवेल येईपर्यंत दोघींचं तेच चाललं होतं. सुभाष मात्र मागच्या सीटवर गाढ झोपला होता.

मित्रांनो, आता मी पूर्वीपेक्षा थोडी लवकर थकते आणि थोडी लवकर चार्जिंगला लागते. त्याचं मला दुःख नाही. या लग्नसराईत मनिषाला दोन धवले पाठ झाले आहेत. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. मला धुवा, पुसा, चार्ज करा, माझी निगा राखा. पण म्हातारी माणसं कोणालाच दोष देत नाहीत, तो स्वतःकडे घेऊन गप्प बसतात. तुमच्या घरातलं कोणी जर म्हणालं, की माझंच काहीतरी बिघडलंय, तर नुसती मान डोलावू नका. उठा, आणि मागे त्यांच्या शेजारी जाऊन बसा.