दुसरी नक्कल कशासाठी हवी

रकाना १. अर्जदाराचे नाव: मागच्या अर्जात होते तेच.
रकाना २. पत्ता: तोच. आता बदलायचा नाही.
रकाना ३. प्रकरणाचा क्रमांक: तुम्हाला पाठ आहे.
रकाना ७. नक्कल कशासाठी हवी:

बाई, या रकान्याला तुमच्या छापील अर्जात बोटभर जागा आहे. पहिल्या वेळी मी तिथे ‘वैयक्तिक कामासाठी’ एवढंच लिहिलं होतं. कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर घेऊन बसतात त्या गृहस्थांचा सल्ला. “खरं कारण लिहू नका हो,” ते म्हणाले, “जागा पुरत नाही. सगळे हेच लिहितात.”

आता तीन महिन्यांतच मी त्याच निकालाची दुसरी नक्कल मागते आहे. पहिली दिलेली असताना दुसरी का, याचं कारण नीट लिहावं लागतं, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. म्हणून हे कागद जोडले आहेत. लांबले आहेत. दुपारच्या चहाच्या वेळी वाचलेत तरी चालेल.

आईपासून सुरू करते. ती माझी मावशी. जिनं जन्म दिला ती मी दोन वर्षांची असताना गेली, वडील कामासाठी सतत फिरतीवर, आणि तिच्या थोरल्या बहिणीनं मला उचललं ते उचललंच. मी तिला आई म्हणते. ती मला ठकी म्हणते. मी बावन्न वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते, मला स्वतःला दोन चष्मे लागतात, तरी ठकीच.

ती पडदे शिवायची. अजूनही सरळ शिवण घालते. लहानपणापासून मला तिच्या मशीनची एक खोड माहीत आहे: जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की मशीन थांबायचं. पाऊल आमच्या दारावरून पुढे गेलं की परत सुरू. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. मैत्रिणीकडे गेले आणि तिची आई पाहुणा आला तरी बोलतच राहिली, तेव्हा मला ती बाई बेफिकीर वाटली होती.

गेल्या वर्षापासून आईचं विसरणं वाढलं. सकाळी ठीक असते. दुपारी चार वाजले की सुरू होतं.

“ठके, साखळी लाव.”

“लावलीय.”

“खुर्ची पण सरकव दाराला. तुझा बाप येईल कोर्टाचा माणूस घेऊन.”

मी पहिल्यांदा हसले. कोर्ट कसलं, बाप कसला. मग तिनं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. मी सहा वर्षांची असताना वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला परत मागितलं. हिनं कोर्टात अर्ज केला की मुलीची पालक म्हणून मला नेमा. काही महिने तारखा चालल्या. शेवटच्या तारखेला वकील म्हणाले, “पुढच्या वेळीही मुलीला बरोबर घेऊन या.” हिनं अर्थ लावला की तिथूनच मुलगी बापाच्या हवाली करणार. त्या आठवड्यात तिनं मशीन हातगाडीवर चढवलं, मला वर बसवलं आणि गाव सोडलं.

“चोरून आणलंय मी तुला,” ती म्हणाली. एक्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे जवळ घेऊन बसलेली. “पकडतील तेव्हा तू म्हण, मला काही माहीत नव्हतं.”

मी म्हटलं, “आई, ती केस कधीच संपली. तू जिंकलीस.”

“कागद दाखव.”

इथे माझी पंचाईत झाली. ही बाई आयुष्यात चिठ्ठीवर माप लिहून घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. सगळं विसरेल, पण तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे विसरणार नाही. रोज दुपारी तीच भीती, आणि रोज तोच प्रश्न: कागद कुठाय?

एवढंच हवं होतं मला. कागद. तो असेल का, असला तर तिच्या बाजूनं की विरुद्ध, हेही ठाऊक नव्हतं. विरुद्ध असता तर काय केलं असतं हे मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

रकाना ४. निकालाची तारीख: ~~निकाल लागला नाही.~~ ~~माहीत नाही.~~ (मागच्या अर्जावर असं दोनदा खोडलं होतं.)

तीन फेऱ्या मारल्या मी तुमच्याकडे. हातात बटणांच्या डब्यातून निघालेली एक चिठ्ठी, वकिलाच्या अक्षरात फक्त एक तारीख, वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली. त्या वर्षाचे सगळे गठ्ठे तुम्ही मला दाखवलेत. कोर्टाच्या तळघरातली ती जुन्या फायलींची खोली, छताला टेकलेली लोखंडी मांडणी, लाल फडक्यातले गठ्ठे, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं अडकवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. दोन फेऱ्यांत काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवून निघाले, तेव्हा तुम्ही शिडीवरूनच विचारलंत.

“ही तारीख कसली म्हणालात?”

“शेवटची. त्यानंतर आम्ही गेलोच नाही.”

“म्हणजे निकालाची नाही.”

“निकाल लागलाच नाही. आम्ही पळून गेलो ना.”

“तुम्ही पळालात,” तुम्ही म्हणालात. “केस कुठे पळते? ती इथेच बसून राहते. कुणी येवो न येवो, निकाल लागतो.” आणि शिडी उतरून पलीकडच्या ओळीत गेलात. “अहो, इथे गठ्ठे निकालाच्या तारखेनं बांधतात. केस जन्मली कधी हे आम्ही विचारत नाही, संपली कधी ते सांगा. शेवटच्या महिन्यानंतर पुढची तारीख म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार. तुम्ही मला तीन वेळा चुकीच्या वर्षात चढवलंत.”

“आधी का नाही बोललात?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं वर्ष सांगत होता.”

पुढच्या वर्षाचा पहिला गठ्ठा. वरून नववी फाइल.

रकाना ५. अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध:

“तुम्ही कोण लागता या केसच्या?” फाइल छातीशी धरूनच तुम्ही विचारलंत. “परक्याला सहज देता येत नाही.”

“जिनं अर्ज केला तिची मुलगी. म्हणजे भाची. म्हणजे… जिच्याबद्दल केस आहे ती.”

तुम्ही पहिलं पान बघितलंत. “अज्ञान मुलगी, वय वर्षे सहा. ती तुम्ही?”

“हो.”

“मग आता सज्ञान झालात असं धरून चालू. लिहा, स्वतः.”

तुमचे दोन्ही हात फाइलीत आणि चष्मा नाकावरून घसरत होता. एका बाजूची काडी शिवणीच्या दोऱ्यानं बांधलेली. मी पर्समधून बारीक पेचकस काढला. तुम्ही मागे सरलात. “इथे आम्ही काही घेत नाही हं.” मी म्हटलं, “देत नाहीये काही, स्क्रू बसवतेय.” तेवढ्या वेळात तुम्ही चष्म्याविना बसून होतात, म्हणून ते पान मी मोठ्यानं वाचलं. मी वाचलं हे बरं झालं की वाईट, अजून कळत नाही. पान असं होतं:

*मुलीस खोलीत एकटीस बोलावून विचारले. ती म्हणते, मला घरी ठकी म्हणतात. मावशीला गोष्ट सांगता येत नाही, अर्ध्यातच झोपते. शेवट मला करावा लागतो. झोपली तरी माझा हात सोडत नाही. मला तिथेच राहायचे आहे. बाबा वाईट नाहीत.*

मला यातलं काहीच आठवत नाही. ती खोली नाही, ते न्यायाधीश नाहीत. पण कुणीतरी एका सहा वर्षांच्या मुलीला नीट विचारलं, आणि ती बोलली ते तसंच्या तसं लिहून घेतलं. त्या कारकुनाचे मी आभार कुठे मानू? खाली नुसती अर्धवट सही आहे.

पुढचं पान निकालाच्या दिवसाचं. वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं:

*मुलीचे म्हणणे वाचले. माझी हरकत नाही. तिला थंडीत खोकला होतो, तेवढे बघावे. अधूनमधून खुशाली कळवावी.*

आणि त्याखालच्या पानावर न्यायाधीशांचं:

*अर्जदार व मुलगी आज गैरहजर. त्यांच्या वकिलांना कारण सांगता आले नाही. तथापि मुलीचा जबाब व वडिलांचे निवेदन पाहता अर्जदार हिची मुलीची पालक म्हणून नेमणूक करण्यात येते.*

म्हणजे ज्या दिवशी आम्ही हातगाडीवरून गाव सोडलं, त्याच्या दहाव्या दिवशी मी कायद्यानं तिची झाले. आणि ती शेहेचाळीस वर्षं मशीन थांबवत राहिली.

तुम्ही चष्मा घातलात, म्हणालात, “छान बसला.” मग फाइल बंद करून बराच वेळ कार्डाचा दोरा सारखा करत राहिलात.

रकाना ६. कोणकोणत्या कागदांच्या नकला हव्यात:

मी तीन पानं मागितली होती. पाकिटात चार निघाली. चौथं पान मी मागितलेलं नव्हतं, ते तुम्ही आपणहून घातलंत, आणि खरं सांगते, हे सगळं लिहायला बसले ती त्या पानासाठी.

घरी येऊन दुपारी चार वाजता मी आईला निकाल वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, “हे तू टाइप करून आणलंस.”

“शिक्का बघ.”

“शिक्के बाजारात मिळतात.”

मी चौथं पान पुढे केलं. कोर्टानं तिला पोस्टानं निकाल पाठवला होता, त्या लिफाफ्याची नक्कल. वर तिचं नाव, पत्ता आणि पोस्टमनचा शेरा: *घर बंद. कुठे गेले, शेजारी सांगू शकत नाहीत.* लिफाफा परत आला आणि फाइलीत टाचला गेला, न उघडताच.

आईनं पत्त्यावर बोट ठेवलं.

“जिन्याखालची खोली,” ती म्हणाली. “हे तुला कुठून माहीत? तुला मी कधी सांगितलं नाही.”

“मला नाही माहीत. कोर्टाला माहीत होतं.”

“पत्र आलं होतं?”

“आलं होतं. आपण नव्हतो.”

ती पत्ता परत परत वाचत राहिली. मग म्हणाली, “आता पहिल्यापासून वाच.” मी वाचलं. मुलीच्या जबाबाशी तिनं मला थांबवलं.

“गोष्ट सांगता येत नाही? हे सांगितलंस तू न्यायाधीशाला?”

“सहा वर्षांची होते.”

“दिवसभर मशीन चालवून रात्री गोष्टी सांगायच्या, झोप नाही येणार? भर कोर्टात आब्रू घालवलीस माझी.” आणि पहिल्यांदा हसली. वडिलांच्या ओळी मात्र तिनं दोनदा वाचायला लावल्या. “खुशाली कळवायची राहिली.”

“राहिली.” त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. हे मला तुमच्याच गावात चौकशी केल्यावर कळलं.

“माणूस बरा होता म्हणजे,” ती म्हणाली. “मी उगाच त्याच्या नावानं साखळी लावली.”

आता कारण. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती सगळं विसरलेली होती. “ठके, साखळी लाव.” मी पाकीट आणलं. पुन्हा पत्ता, पुन्हा जिन्याखालची खोली, पुन्हा आब्रू घालवलीस. तिसऱ्या दिवशीही. गेले तीन महिने रोज. मला कंटाळा येत नाही. रोज चार वाजता माझ्या डोळ्यांदेखत एका बाईची सुटका होते. हे कुणाला बघायला मिळतं?

पण काही तरी साठतंय. परवा दुपारी तीन वाजता, पाकीट अजून कपाटात होतं, आई उशीची खोळ शिवत होती. जिन्यावर पाऊल वाजलं. अनोळखी, जड बूट. मी नकळत तिच्या हाताकडे बघितलं.

मशीन चालूच राहिलं. शिवण टोकाला नेऊन तिनं दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाली, “कुणीतरी आलंय. दार उघड की.”

विजेचं मीटर वाचायला माणूस आला होता. आईनं त्याला पाणी दिलं.

तेव्हा, कारण: पहिली नक्कल घड्यांवर फाटली आहे. पत्त्याच्या जागी बोट ठेवून ठेवून अक्षर पुसत आलं आहे.

रकाना ८. नक्कल किती दिवसांत हवी: घाई नाही. चिकटपट्टी लावली आहे, दोन-तीन आठवडे निघतील. लिफाफ्याचं पान मात्र विसरू नका. या वेळी ते मी रीतसर मागते आहे.

रकाना ९. शेरा: काडीचा स्क्रू सैल झाला तर कळवा. मी येणारच आहे.