सड्यावरचा उभा राहिलेला वाटा

धाकट्या लेकीचं, ईशाचं, बारसं झालं ते साल दोन हजार पंधरा. त्यासाठी गोविंदा श्रावणात कतारहून रजेवर आला होता. परत निघताना गावकारभारी वसंतरावांना म्हणाला, "तात्या, मार्गशीर्षात येतो. माझ्या वाट्याला कुणी हात लावू नका."

वाटा म्हणजे सड्यावरचा. गावाच्या डोक्यावरचं ते उंच, उघडं कातळाचं पठार. त्याचंच पाणी झिरपून खालच्या विहिरी भरत. फुलांचं बी पडेपर्यंत तिथं गुरं चढवायची नाहीत, आणि थंडीत कडेकडेनं गवत कापून पट्टी मोकळी करायची, म्हणजे वणवा वर चढत नाही, ही गावाची रीत. पट्टीत घराघराचा वाटा, तो घरच्या कर्त्या पुरुषानंच कापायचा. दुसऱ्याचा वाटा कापायचा तो त्याचं घर बुडाल्यावरच. जित्या माणसाचा कापणं म्हणजे त्याचं श्राद्ध घालणं.

कतारातल्या बिरकत अल अवामेरच्या मजूर कॅम्पात गोविंदा सळई बांधणाऱ्या टोळीत होता. वर्ल्ड कपचं स्टेडियम उठत होतं. कंपनीच्या सहीशिवाय देश सोडता येत नसे. रजा देतो म्हणालेला फोरमन मार्गशीर्ष लागल्यावर नुसतं "इन्शाल्ला, अगले हफ्ते" म्हणू लागला.

शेजारच्या खाटेवरचा रहमान हसायचा. "घास काटने घर जाएगा? रुक जा, स्टेडियम में भी घास लगेगी. वही काट लेना!"

पौष सरला. अलकाचा फोन आला.

"समद्यांचं कापून झालं. आपलंच उभं हाय, वाळून खडखडीत. मीच कापते आता."

"लेकरू पाठीला बांधून? लोक म्हणतील, गोविंदा मेला."

"मग तात्यास्नी तरी सांगा. ते तुमच्या शब्दासाठी अडून बसल्यात."

शेजारीच बसलेल्या वसंतरावांनी फोन घेतला. "गोविंदा, तू नुसतं हो म्हण. उद्याच्याला दहा माणसं घालतो."

'हो' ओठांवर आलं होतं. पण बापाच्या वाट्यात आजवर परक्याचा विळा शिरला नव्हता.

"तात्या, मी जिता हाय अजून! साहेबानं शब्द दिलाय. आठ दिसांत येतो."

"बरं बाबा. तुझा वाटा, तू जाण."

फोरमन साहेबानं या खेपेला कसलाही शब्द दिला नव्हता.

माघात खिंडीतून वणवा आला. सगळ्या पट्टीवर अडला आणि गोविंदाच्या वाट्यातून वर चढला. अलका लेकरू शेजारणीकडं देऊन, हिरवा टहाळा घेऊन तिथं आग झोडपायला धावली. वारा फिरला.

मयताचं कारण सांगितल्यावर कंपनीनं तासाभरात सही दिली. गोविंदा पोचला तेव्हा सडा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा होता. पुढच्या थंडीत गावानं पट्टी कापलीच नाही. कुणी कुणाला बोलावलंही नाही. गुरं आता बाराही महिने वर चरतात.

गोविंदाची बायको अलका माघ वद्य पंचमीला, शनिवारी, सत्तावीस फेब्रुवारी दोन हजार सोळा रोजी सड्यावर भाजून मेली.