फळीमागची भिंत

भिंतीत कुठे पाणी मुरतंय हे शोधायचं, हेच ताईचं पोटापाण्याचं काम. घर घेण्याआधी परकी माणसं तिला बोलवायची. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मात्र घर घेताना "घरच्यांना कशाला त्रास" म्हणत तिला लांबच ठेवलं होतं.

वर्ष झालं तरी भाचीचा खोकला हटेना. तिच्या खोलीत कुबट वास यायचा आणि नवरा उठता-बसता धाकटीलाच बोल लावायचा: ओले कपडे आत वाळत घालतेस, खिडक्या उघडत नाहीस. शेवटी धाकटीचाच फोन आला, "ताई, माझंच काही चुकतंय का, ते तरी बघून जा."

ताईने ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया खिडकीखाली टेकवल्या. कोरडं ठणठणीत. दाराशीही तेच. कपाटाच्या बाजूला सरकली तसा आकडा चढू लागला.

"कपाट जड आहे, राहू द्या," नवरा म्हणाला.

ताईने कपाटाला खांदा लावला. मागे भिंतीला रंगवलेली फळी ठोकलेली होती. तिने स्क्रू काढले. फळी सुटली आणि मागचं प्लास्टर ओल्या पिठासारखं खाली आलं. भिंत काळी पडली होती, छातीएवढ्या उंचीपर्यंत.

"बाथरूमचा पाइप गळतोय. गळती आजची नाही, जुनी आहे."

"ही फळी कधी लागली?" धाकटीने विचारलं.

ताईची कानशिलं तापली होती. "जावईबापू, ती तुम्हाला विचारतेय."

"घर घेतलं तेव्हाच," तो पुटपुटला. "थोडीशीच ओल होती. वाटलं, सुकेल."

"म्हणजे तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पोर खोकत होती, मी फरशा घासत होते, आणि तू मला कपड्यांवरून ऐकवत होतास."

"अगं, तुला उगाच काळजी नको म्हणून..."

"गप्प बस."

ताईला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण भांडण बहिणीचं होतं. ती फक्त म्हणाली, "प्लंबर उद्याच बोलाव. भिंत सुकायला तीन महिने लागतील."

धाकटीने लेकीची गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेली. परत आली ती नवऱ्याची उशी घेऊन, आणि ती काळ्या भिंतीखाली टाकली.

"तीन महिने तू इथे झोपायचं," ती म्हणाली.