निळे मणी

माझी नोकरी रानातल्या बिज्जूंची विष्ठा चाळणीत धुण्याची आहे. आई पाहुण्यांना सांगते, "तो संशोधनात आहे." खोटं काहीच नाही.

बिज्जू म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बुटका, गुबगुबीत प्राणी. बिळं खणून सगळं गणगोत घेऊन जमिनीखाली राहतो. एका बिळातलं कुटुंब कुठवर हिंडतं हे त्याला विचारता येत नाही, म्हणून आम्ही शेंगदाणे पाकात कालवतो, त्यात प्लास्टिकचे बारीक मणी मिसळतो आणि बिळाच्या तोंडाशी ठेवतो. प्रत्येक बिळाला वेगळा रंग. मणी पचत नाहीत. ते जिथवर सापडतात, तिथवर त्या कुटुंबाचं राज्य.

टेकडीवरच्या बिळाचा रंग निळा. तिथल्या पाच बिज्जूंचं रक्त तपासलं, तर चौघांना क्षय. हा क्षय गाईंना होतो आणि कच्च्या दुधातून माणसांनाही. त्यामुळे प्रकल्पाच्या प्रमुख बाईंना उठता-बसता एकच प्रश्न: निळे कुठवर जातात?

निळे माझ्या मामाच्या गोठ्यापर्यंत जात होते. वैरणीच्या खोलीत, गव्हाणीपासून चार पावलांवर, मला विष्ठेचा ढीग दिसला. तिथल्याच नळाखाली धुतला. चाळणीत अकरा निळे मणी.

ते इथे का आले, हेही समोरच होतं. कोपऱ्यात माझी बादली होती, मणी न घातलेल्या शेंगदाण्यांची. वीस किलोंचं ओझं ऑफिसपर्यंत कोण वाहणार, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी ती 'दोन दिवसांसाठी' ठेवली होती. झाकण बाजूला, आत तळापर्यंत चाटून लख्ख. बिज्जू कुठवर जातात हे शोधता शोधता मी त्यांना आमंत्रण धाडलं होतं, जेवणासकट.

"काय शेणपंडित, सोनं सापडलं का?" मामा मागे येऊन उभा होता.

"मामा, ही बादली कधीपासून उघडी आहे?"

"मला काय ठाऊक? तुझा खजिना. तुझी मामी म्हणाली, रात्री काहीतरी खुडबुडतं. म्हटलं, खुडबुडू दे, भाच्याचे पाहुणे असतील."

मी मणी खिशात टाकले. कळवलं तर एकोणीसच्या एकोणीस गाई तपासणार, आणि ज्या रोगी निघतील त्या मारायला नेणार. मामाला गाईंपलीकडे दुसरं जगच नाही. मी दोन दिवस काही बोललो नाही. विज्ञानात याला निरीक्षण म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मामाच्या स्वयंपाकघरात त्याची चार वर्षांची नात धारोष्ण दूध पीत होती. पिऊन झाल्यावर तिने मला पांढऱ्या मिशा दाखवल्या. मी उठलो आणि बाईंकडे गेलो.

"गव्हाणीजवळ अकरा? उत्तम!" बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामा सख्खे का?"

"सख्खे."

"अरेरे. ताजी होती का विष्ठा?"

गुरांच्या डॉक्टरांनी क्षयाच्या चाचणीसाठी प्रत्येक गाईच्या मानेवर दोन सुया टोचल्या आणि तीन दिवसांनी तिथे आलेल्या गाठी मोजायला आले. शिंपी छातीचं माप सांगतो त्या सुरात ते आकडे सांगत गेले आणि मी लिहून घेत गेलो. चौदा गाई रोगी. नातीची तपासणी मात्र चांगली निघाली. देवाचे आभार मानायला मामाने हात जोडले, पण ते जोडलेलेच राहिले.

"मामा, ते माझ्या बादलीमुळे आले," मी म्हणालो.

तो बराच वेळ गव्हाणीची कड पुसत राहिला. "मग सांगायचंस ना रे, आजारी जनावरं फिरतात म्हणून. झाकणावर दगड ठेवला असता."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ट्रक आला. फळीवर एकही गाय चढेना. ड्रायव्हरने काठी उचलली.

"काठी नको," मामा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तू हाक मार. सुट्टीत चरायला तूच न्यायचास. आवाज ओळखतात तुझा."

"तू मार ना, मामा."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

मी हाक मारली. आधी हेडमास्तरीण आली, रांगेत तिच्यापुढे कुणी गेलेलं तिला चालायचं नाही. मग बहिरी, जिला उत्तम ऐकू येतं. मग नव्या सूनबाई, ज्या बारा वर्षांच्या होत्या. सगळी नावं मीच ठेवलेली. चौदा हाकांना चौदाजणी आल्या, एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

"अशी गुणी जनावरं बघितली नाहीत," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने फळी वर घेतली.

गोठ्यात पाच गाई हंबरत होत्या. पुढच्या तपासणीपर्यंत त्यांचं दूध ओतून टाकायचं होतं. काढावं मात्र लागतंच. मामाने हात धुतले, स्टूल ओढलं आणि पहिलीच्या पोटाला कपाळ टेकून धार काढायला बसला.