ओसरीत वाचलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि स्वभावाने फार भित्रा आहे. हसू नका. ज्याच्या पोटात नुसती स्प्रिंग असते, त्याने थरथरू नये तर काय करावे? लेकरू झोळीत बसले की माझी सुई आधी पुढे पळते, मग मागे पळते, आणि आयांचा जीव टांगणीला लावून मग कुठे एका रेघेवर उभी राहते. टांगलेला तर मी जन्मभर आहेच, पण मला खरी भीती शिकवली ती रुचिका नावाच्या एका दीड वर्षाच्या पोरीने. तिचीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गोल पांढरा चेहरा, त्यावर काळ्या रेघा, डोक्यावर टांगायला हूक आणि खाली झोळी अडकवायला दुसरा हूक, एवढाच माझा संसार. तिथल्या माणसाने मला पारखून पाहिले आणि 'हा खोटं बोलणार नाही' असे म्हणून खोक्यात घातले. ते ऐकून माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू! मग टेम्पोत धक्के खात मी वाशिम जिल्ह्यात आलो. धनजहून कारंज्याला जाताना रस्त्यावरून आत वळले की एक गाव लागते. तिथल्या अंगणवाडीच्या ओसरीत, पत्र्याखालच्या लाकडी आढ्याला मला टांगण्यात आले.

अंगणवाडीच्या सेविका साधनाताई. शांत, कामाला वाघ. त्यांच्या मदतनीस भागिरथाबाई. त्यांच्याविषयी काय सांगू? मनाने लोण्याहून मऊ, पण आवाज असा की खिचडी शिजली म्हणून हाक मारली तर शेतातली माणसेसुद्धा हात धुऊन उभी राहतील. वजनाच्या दिवशी दोघींची एक रीत होती. ताईंचे दोन्ही हात झोळीतल्या रडणाऱ्या लेकरात गुंतलेले असायचे, म्हणून त्या माझ्यावरचा आकडा मोठ्याने वाचायच्या. आत बसलेल्या भागिरथाबाई तो आकडा तितक्याच मोठ्याने परत म्हणायच्या आणि मग लिहून घ्यायच्या. मागोमाग रंग सांगायच्या. वजन चांगले असले की हिरवा, थोडे कमी असले की पिवळा, आणि लेकराच्या जिवाला धोका असला की लाल. दोनदा म्हटल्यामुळे लिहिताना कधी चूक झाली नाही. तपासणीला येणाऱ्या मॅडमसुद्धा या रीतीचे कौतुक करून जायच्या. आणि मी? मी आपला गोल चेहरा चमकवत डोलत राहायचो.

ओसरीच्या समोर गावाची पाण्याची टाकी होती. तिथे बायांचा घोळका कायमचाच. आमचे आकडे त्यांच्याही कानांवर पडतात, हे कुणाच्या डोक्यात कधी आले नाही, माझ्याही नाही.

त्या वर्षी पावसाळा सरताना वैजयंती आपल्या रुचिकाला घेऊन आली. वैजयंती म्हणजे रंगूबाईंची सून. रंगूबाईंचे घर गावात खाऊन-पिऊन सुखी. तुरीची पोती, दारात गाय, घरात कशाला काही कमी नाही. पण रुचिकाला पावसाळाभर हगवण लागली होती. त्यातून ती उठली, तरी तिला दुसरे काही पचत नाही असे समजून आजी मोठ्या मायेने चहात बिस्किट बुडवून तेवढेच भरवत राहिली. झोळीत बसली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. मला तेव्हाच कसेसे झाले होते. न रडणारे लेकरू मला कधीच आवडत नाही.

"पावणेसात!" ताईंनी वाचले.

"पावणेसात! रुचिका, लाल!" आतून भागिरथाबाई गरजल्या.

टाकीवरच्या बायांच्या हातातले हंडे जागच्या जागी थांबले. वैजयंतीने पोरीला झोळीतून उचलले आणि पदराखाली झाकून ती खाली मान घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर खसखस पिकली. कोणीतरी रंगूबाईंना विचारले म्हणे, "काकू, तुमची तूर सारी बाजारातच जाते का? नातीसाठी काहीच ठेवत नाही का?"

झाले! रंगूबाई तणतणत अंगणवाडीत आल्या. काखेत दुकानातून आणलेली पाच किलो कणकेची बंद पिशवी होती.

"साधना, तुह्या काट्यानं माह्या घराची इज्जत घेतली. टांग हे पिशवी. आत्ताच्या आत्ता टांग. याच्यात पाच नाई भरले, तर हा काटा मी विहिरीत फेकते का नाई ते पाय!"

माझ्या तोंडचे पाणी पळाले. ओसरीत बाया जमल्या होत्या. पिशवी अडकवली गेली आणि माझी सुई अशी थरथरली, की मला वाटले आता मी फुटतोच. मग ती थांबली. बरोबर पाचावर.

मी जिंकलो होतो, मित्रांनो. पण रंगूबाईंचा चेहरा पाहिला आणि माझा आनंद जागीच विरला. काटा मोडका निघाला असता, तर त्या भांडून मोकळ्या झाल्या असत्या. आता चार बायांसमोर पुन्हा एकदा सिद्ध झाले, की त्यांची नात खरोखरच लाल आहे. त्यांनी कणीक उचलली आणि जाताना एवढेच म्हणाल्या, "आता आमची पोरगी या दारात येणार नाई."

पुढच्या वजनाला रुचिका आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. ताई घरी गेल्या, तर अंगणातूनच उत्तर मिळाले, "झोपली हाये." पुन्हा गेल्या, तर "मामाच्या गावी गेली." आणि आतून तर पोरीच्या किरकिरण्याचा बारीक आवाज येत होता. ताई परत आल्या की ओसरीत माझ्याखाली बसून राहायच्या. मी वरून त्यांच्याकडे पाहत राहायचो. मी खरे तेच सांगितले होते. मग खरे सांगूनही ते लेकरू आमच्या हातातून का निसटले? माझी झोळी वाऱ्याने हलली तरी मला भास व्हायचा, की आली, आली. तिच्यात कोणी नसायचे.

आणि एका दुपारी, गाव शेतात गेलेले असताना, मागच्या दाराची कडी हळूच वाजली. वैजयंती होती. धापा टाकत होती. पदराखाली रुचिका.

"ताई, मी आल्ती हे कोणाले सांगू नका. सासूले तर नाईच नाई. त्यायले कळलं तं मले माहेरी धाडतीन, अन् पोरीले ठिवून घेतीन. तुमच्या पाया पडते."

"कोणी पाहिलं नाई. बस इथं," ताई म्हणाल्या. त्यांनी मला ओसरीतून काढले, आतल्या खोलीत टांगले आणि दार लावून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच मी बंद दाराआड वजन करत होतो.

रुचिका झोळीत बसली. माझी सुई पुढे गेली, पावणेसाताच्याही पुढे गेली, आणि सव्वासातावर थांबली. वजन वाढले होते! मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

"वाढलं न ताई?" वैजयंतीचा चेहरा खुलला. "सासू म्हणतेच, पोरगी भरून राह्यली म्हणून. पाय पाहा न कसे गुबगुबीत झाले. पण ताई, भरली तं हसत काहून नाई वं? घास तोंडात घेत नाई. नुसती पडून राह्यते."

ताईंनी आकडा वाचलाच नाही. त्यांनी खाली बसून पोरीचे पाऊल हातात घेतले, त्यावर अंगठा दाबून धरला आणि मग उचलला. अंगठ्याच्या जागी खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तसाच.

ते अंग नव्हते, ती सूज होती. पाणी साचले होते, आणि मी ते पाणी वजन म्हणून दाखवत होतो! मला घडवणारा म्हणाला होता, हा खोटं बोलणार नाही. आणि त्या दिवशी माझ्या खऱ्या आकड्यावर विसंबून ताईंनी त्या मायलेकींना घरी पाठवले असते, तर... पुढचे मला आजही बोलवत नाही. ते लेकरू वाचवले कुणी? आकड्याने नाही. आईने कुजबुजत सांगितलेल्या त्या एका वाक्याने, की भरली तर हसत का नाही. बंद दार नसते, तर ते वाक्य तिच्या ओठांवर आलेच नसते.

"वैजयंती, घाबरू नको, पण आयक," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "पोरीले वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते. आजच्या आज. तू इथं आलीस, काय बोललीस, हे माह्यापाशीच राहीन. पण पोरगी आजारी हाये, हे तुह्या सासूले सांगा लागीनच. ते मी लपवू शकत नाई. तिच्या जिवाचं हाये."

वैजयंती रडायला लागली. ताईंनी तिला रडू दिले. काय सांगायचे, कसे सांगायचे, हे मग दोघींनी बसून ठरवले. वैजयंती मागच्याच वाटेने घरी गेली, आणि थोड्या वेळाने, नेहमीची घरभेट वाटावी म्हणून, ताई मला पिशवीत घालून निघाल्या. बरोबर भागिरथाबाई होत्या. ताईंनी त्यांना एवढेच सांगितले होते, की आज तोंडातून शब्द काढायचा नाही. मला तर पिशवीत घाम फुटला. भागिरथाबाई आणि गप्प?

रंगूबाई अंगणात बाजेवर तूर निवडत बसल्या होत्या. पिशवीतले माझे टोक त्यांना दिसले मात्र, त्या उठून उभ्याच राहिल्या.

"तो काटा माह्या उंबऱ्याच्या आत आणू नको."

"नाई आणत काकू," म्हणून ताईंनी मला अंगणातच खाली ठेवले. "मी वजन कराले नाई आली. त्या दिवशी ओसरीत तुमच्या पोरीचं वजन साऱ्या गावाले आयकू गेलं. आमचं चुकलं. ते सांगाले आली."

रंगूबाई पुन्हा बाजेवर टेकल्या. हात मात्र तुरीकडे गेला नाही.

"अन् रुचिकाले एकदा पाहू द्या मले."

रंगूबाईंची नजर दारात उभ्या असलेल्या सुनेकडे गेली. "हिनं सांगतलं का तुले काही?"

वैजयंतीने डोळे मिटले. मी पिशवीत गारठलो. ताई खोटे बोलल्या आणि पकडल्या गेल्या, तर दार कायमचे बंद. खरे बोलल्या, तर वैजयंती घराबाहेर.

"काकू," ताई म्हणाल्या, "कोणी मले येऊन काय सांगते, हे मी दुसऱ्या कोणालेच सांगत नाई. उद्या तुमी काही सांगान, तं तेही मी कोणाले सांगणार नाई. तुमच्या सुनेलेही नाई."

मग रंगूबाईंनी खुणेनेच पोरीला बाहेर आणायला सांगितले. ताईंनी स्वतः हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "काकू, तुमीच दाबून पाहा. पावलावर. अंगठ्यानं."

रंगूबाईंनी दाबले. अंगठा उचलला. खळगा पाहिला. पुन्हा दाबले.

"माय वं! मी तं म्हणत होती, भरली..." त्यांनी पोरीला छातीशी धरले. मग दबक्या आवाजात विचारले, "साधना, गावाले?"

"गावाले काही नाई."

जीप आली. आजी, आई आणि लेकरू वाशिमला गेली. टाकीवरच्या बायांनी भागिरथाबाईंना गाठले, "काहून वं, कुठं गेल्या सासू-सुना?" मी ओसरीत परत टांगलेला. ऐकून माझी सुई लटपटली. भागिरथाबाईंच्या गालात शब्द अगदी मावेनात. त्या लाल झाल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "मले काय ठावूक बाई? मी काय त्यायच्या जीपीत बसली होती?" एवढे म्हणून त्या खिचडी ढवळायला निघून गेल्या. त्या माउलीने आयुष्यात केलेले ते सर्वांत अवघड काम असेल.

दवाखान्यातून पहिली बातमी आली ती घाबरवणारीच होती. पोरीचे वजन उतरले होते. मी मनात रडलो. पण ताई हसल्या. सूज ओसरत होती, म्हणून उतरले होते. मग पुढे ते हळूहळू पुन्हा चढायला लागले, आणि या वेळी खरे चढले.

रुचिका परत आली तेव्हा वजनाचा दिवस होता. आता ओसरीत काही वाचले जात नाही. एकेक आई आत येते, दार लोटले जाते, ताई आकडा हळू सांगतात आणि त्याआधी विचारतात, "लेकरू कसं हाये, तूच सांग." रंगूबाई नातीला घेऊन आत आल्या. झोळीत बसवताच रुचिकाने असे काही भोकाड पसरले, की पत्रे थरारले. एवढे गोड रडणे मी कधी ऐकले नव्हते. त्यांचे झाल्यावर दुसऱ्या एका घरची सून आत आली, पोर अगदी काडीसारखे. दोन बाया दारातून डोकावू लागल्या. रंगूबाई जायला निघाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"काय पायता वं?" त्या कडाडल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आतले वजन होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत, आणि त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

मित्रांनो, आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे आणि मी पत्र्याच्या पेटीत असतो. माझ्या जागी नवा, विजेच्या सेलवर चालणारा काटा आला आहे. हुशार आहे, पण त्याचे आकडे असे चमकतात की दारातूनही वाचता येतात. म्हणून मला इथे अंधारात अजून भीती वाटते. तुम्ही शाळेत असाल, दवाखान्यात रांगेत असाल, आणि पुढच्या लेकराचे वजन, आजार किंवा घरची गोष्ट तुमच्या कानांवर पडणार असेल, तर मला त्या क्षणी आठवा. दोन पावले मागे सरा आणि पाठ फिरवून उभे राहा. आत कोणाची तरी आई बोलायचा धीर गोळा करत असते.