बुचात खोचलेला आकडा

मी एक जुना आकडा आहे. बायका अंबाड्यात खोचतात ना, तसला, वाकवलेल्या तारेचा. पण माझं आयुष्य अंबाड्यात नाही गेलं, मित्रांनो. ते गेलं आंबट चेरीच्या पोटात. आणि खरं सांगू? मी अगदी वैतागलो आहे. कामाला नाही, माणसांना.

दक्षिण सर्बियातल्या टेकड्यांवर आमचं गाव. इथली चेरीची झाडं बुटकी, फळ इवलंसं, आणि आंबट असं की पहिल्यांदा खाणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. उन्हाळ्यात तोडणी सुरू झाली की गावातल्या सगळ्यांची नखं लाल. ट्रॅक्टर भरभरून फळ शीतगृहाकडे जातं. घरात राहते ती देठासकट तोडलेली एक टोपली, स्लात्कोसाठी. स्लात्को म्हणजे पाकात मुरवलेली अख्खी फळं. पाहुणा आला की आधी चमचाभर स्लात्को आणि पेलाभर पाणी, बोलणं नंतर. फळ फाटलेलं निघालं तर पाहुणा काही बोलत नाही, पण मग गाव बोलतं.

रादोइकाबाई या घरात सून म्हणून आल्या, त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला केसांतून उपसलं, माझी दोन्ही टोकं बाटलीच्या बुचात खोचली आणि वाकडी बाजू देठाच्या जागेतून फळात घातली. एक हलका झटका. बी बाहेर, फळ जसंच्या तसं! "रादोइकाच्या फळाला ओरखडासुद्धा नसतो हो," शेजारणी म्हणायच्या. कौतुक रादोइकाचं. मला मात्र ओल्या ताटलीत तसंच टाकून द्यायचं, आणि गंज चढला की वर मलाच बोल: "मेला काळा पडतो!" मग पुढची तोडणी येईपर्यंत माझ्याकडून मोरीतले केस काढून घ्यायचे, कुलपं उघडून बघायची. एकदा तर घरातल्या आजोबांनी माझ्याने कान कोरला. कान! यावर मी काय बोलणार?

तेही सोसलं. पण यंदा रादोइकाबाईंचा मुलगा ओग्न्येन जत्रेतून बी काढायचं यंत्र घेऊन आला. टेबलाच्या कडेला आवळायचं, वरून चेरी ओतायच्या, दांडा फिरवायचा. मी पडलो खणात. फटीतून मला सगळं दिसत होतं. ते यंत्र घडवलं होतं मोठ्या, गोड चेरीसाठी. आमची इवलीशी चेरी त्याच्या भोकात नीट बसेचना. आतल्या खिळ्याचा ठोका कधी बीवर पडे, कधी नुसता बाजूने निसटे. दिसत नव्हतं का यांना? भिंतीवर रस उडत होता आणि माणसं टाळ्या पिटत होती!

एकटी तियाना टाळ्या वाजवत नव्हती. ती ओग्न्येनची बायको, वर्षाच्या वुकानची आई. पोराच्या तोंडात कधी गोटी सापडते, कधी बटण, त्यामुळे तिचे डोळे सदा त्याच्या ओठांवर.

"आई, एकेक फळ दाबून बघूया का? बी राहिली असेल, वुकानच्या घशात अडकली तर?"

"अगं, तुझ्या नवऱ्याने लहानपणी बिया काय कमी गिळल्या? झाला ना घोड्यासारखा!"

"घोड्यासारखा खातोही," ओग्न्येन दांडा फिरवत म्हणाला. "भित्रे भागूबाई, यंत्र आहे हे. चुकायला ते काय माणूस आहे?"

सगळं फळ तसंच पाकात गेलं.

रविवारी वुकानचे धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याची जबाबदारी घेतलेले, मिलुतिन आले. मुलाचे पहिले केस धर्मपित्यानेच कापायचे, अशी इथली रीत. या घरात त्यापुढे आणखी एक: केस कापून झाले की त्याच हाताने मुलाला स्लात्कोचा पहिला चमचा भरवायचा. धर्मपित्याचा हात अडवणं म्हणजे पुढचा सगळा जन्म टोमणे ऐकणं.

केस कापले. मिलुतिनकाकांनी चमचा उचलला. त्यात दोन चेरी. वुकानने आ केला.

"थांबा!" तियाना ओरडली.

"काय झालं गं?"

"एवढं बघू द्या, काका. पाया पडते."

"सूनबाई!" रादोइकाबाईंचा चेहरा चेरीहून लाल झाला. "घरची शोभा करतेस?"

पण तियानाने खण उघडला होता. मला उचलून तिने एप्रनला पुसलं आणि पहिल्या फळात घातलं. काहीच नाही, नुसता गर.

ओग्न्येन हसला. "झालं समाधान? काका, हिला ना, मुलाने जांभई दिली तरी डॉक्टर लागतो."

बाई, थांबू नकोस, मला ओरडायचं होतं. पण आकड्याला तोंड कुठून येणार? तिने ओठ चावले आणि मला दुसऱ्या फळात घातलं. मी कशाला तरी अडलो. एक झटका. बशीत टक्‌ करून बी पडली.

मिलुतिनकाकांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या हाताने..." एवढंच म्हणाले आणि वुकानला छातीशी धरून बसले.

"दांडा जरा हळू फिरवायला हवा होता," ओग्न्येन पुटपुटला.

"तू गप्प बस," रादोइकाबाई म्हणाल्या. "आण ते पातेलं."

मग सासूसुना समोरासमोर बसल्या. मित्रांनो, कच्च्या फळातली बी काढणं हे काम आहे. पाकातली काढणं ही निव्वळ शिक्षा! मी चिकटलो, फळं फाटली, आणि ज्या गोष्टीसाठी या घराचं नाव होतं तीच पातेल्यात लगदा होऊन बसली. किती बिया निघाल्या ते सांगत नाही, मला राग येतो. एका सुनेचं त्याच दिवशी ऐकलं असतं तर?

माझं मागणं मोठं नाही. काम झालं की मला धुवा, कोरडं पुसा. माझ्याने कान कोरू नका. आणि घरात कोणी सारखं "जरा बघू द्या" म्हणत असेल, तर त्याला भित्रं म्हणायच्या आधी एकदा खरंच बघू द्या.

त्या संध्याकाळी वुकानला स्लात्को मिळालं. तियानाने तपासलेलं फळ रादोइकाबाईंनी पुन्हा उजेडात धरलं, स्वतःच्या दातांनी अर्धं केलं, आत बोट फिरवून बघितलं आणि मगच त्याला भरवलं. त्याचा एक डोळा मिटला.

"अजून," तो म्हणाला.

"आण गं दुसरं," रादोइकाबाई म्हणाल्या. "पण मी बघितल्याशिवाय देऊ नकोस हां."