बापाचं एक वाक्य

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत वाचकाची एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी त्याची ही दुसरी, म्हणजे शेवटची चाचणी. पहिल्या खेपेला ऐन वेळी आवाज बसला होता. भिंतींना फोम चिकटवलेला, घरघर नको म्हणून पंखा बंद. बोटांच्या घामाने पानांच्या कडा ओलावत होत्या. समोर परीक्षक मावशी. जन्मांध, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवून निवृत्त झालेल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट.

कथा त्याने घरी चारदा वाचली होती. मुलगा घर सोडून निघतो, तेव्हा बाप एवढंच म्हणतो, ‘दार ओढून घे.’ ते वाक्य त्याने असं काही कातर केलं, की त्याचा त्यालाच गहिवर आला.

“थांब,” मावशी म्हणाल्या. “बाप रडतोय का?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“मग कोण रडतंय?”

“मावशी, पोरगा उन्हातून आलाय. घाम असेल,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“शेवट वाचून आलास ना? म्हणून तुझा बाप पहिल्याच पानावर विरघळला. मला शेवट माहीत नाही रे. माझ्या वाटचं तूच ऐकून टाकलंस, तर मी इथे माश्या मारू?”

तो गोरामोरा झाला. जागा हातची गेलीच, असं त्याला वाटलं. त्याचे स्वतःचे वडील तो घर सोडताना चकार शब्द बोलले नव्हते. त्यांच्या अबोल्यात भरायला आपण हा बाप परस्पर उसना घेतला, हे त्याला आत्ता कळलं.

दुसऱ्यांदा त्याने ते वाक्य नुसतं उच्चारलं, पानावर होतं तेवढंच.

“खडूस आहे म्हातारा,” मावशी म्हणाल्या.

“छे, दमलाय बिचारा,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“तू मशीन बघ.”

तो पुढे वाचत गेला. पण मावशींचा खडूस म्हातारा कानात शिरला तो शिरलाच. अखेरीस, अकरा वर्षांनी, मुलाला बापाचं पत्र येतं. त्यात एकच ओळ: ‘कुलूप बदललेलं नाही.’ घरी ती ओळ त्याला गोड, काहीशी अपेक्षितच वाटली होती. आता मात्र ती लिहायला एका माणसाला अकरा वर्षं लागली होती. ‘कुलूप’ म्हणून तो अडखळला, आणि उरलेले शब्द एका श्वासानंतर आले.

“पुन्हा घेऊ या,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“नको, राहू दे. इथे वाचणाराही ऐकत होता.” मावशी काठी चाचपत उठल्या. “उद्यापासून दहाला ये. आणि पाणी पिऊन ये, घसा कोरडा आहे तुझा.”